गाडी उभी, सायकल चालू: परभणीतल्या इलेक्ट्रिक सायकलच्या नोंदी

१० जानेवारी

हे लिहायलो कारण साध्या सायकलला मोटर-बॅटरी बसवायची म्हणून मी शोधायला लागलो तेव्हा मराठीत जे काही सापडलं ते विकणाऱ्यांनी लिहिलेलं होतं, आणि त्यात सायकल कधीच बंद पडत नाही.

आधी परिस्थिती सांगतो. घर वसमत रोडला विद्यापीठाच्या पुढं नवीन प्लॉटिंगमध्ये, ऑफिस स्टेशन रोडला, एका बाजूनं सहा-सात किलोमीटर. घरात एक पेट्रोल हॅचबॅक. गावात ती बारा-साडेबाराच्या वर एव्हरेज देत नाही, इंजिन नीट गरम व्हायच्या आत ऑफिस येतं. पेट्रोल इकडं एकशे सहा-सातच्या घरात, राज्यात सगळ्यात महाग कुठं म्हणलं की आमचं नाव येतंच, टँकर तिकडं मनमाडहून येणार आणि त्याचं भाडं आमच्या लिटरमध्ये. जगात जर्मनी, भारतात परभणी, ती अशी. म्हणजे किलोमीटरला साडेआठ-पावणेनऊ रुपये नुसते पेट्रोलचे, आणि बहुतेक वेळा गाडीत मी एकटाच.

स्कूटर कामून नाही घेतली असं सगळेच विचारतात. लाखभर रुपये, वर पासिंग, इन्शुरन्स. आणि घरी गिअरची सायकल धूळ खात पडलेली होतीच. मोटर २५० वॅटच्या आतली, स्पीड २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ती मोटार वाहनच धरत नाहीत, त्यामुळं नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही, इन्शुरन्स नाही. किट विकणारे ३५० आणि ५०० वॅटचं गळ्यात मारायला बघतात, "सर पॉवर मिळते" म्हणून. तसलं बसवलं की ती कायद्यानं मोटार वाहन झाली, विनापासिंगची. २५० चंच घ्या, आपल्या सपाट गावाला भरपूर होतं.

ऑर्डर केलं ते: मागच्या चाकाचं ३६ व्होल्ट हब मोटर किट, म्हणजे मोटर चाकाच्या मधल्या डब्यातच (चाक, मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर, हँडलवरचा थ्रॉटल, पेडल सेन्सर, ब्रेक लिव्हर, डिस्प्ले) ११,५०० आणि लिथियम बॅटरी ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर १३,८००. इथल्या एका दुकानात लेड ॲसिडचे तीन डबे जोडून निम्म्या पैशात देतो म्हणले. तीन डब्यांचं वजन अकरा-बारा किलो, कॅरिअर सगळा त्यातच जाणार. नको म्हणलं.

२१ जानेवारी

किट आलं. पहिलं काम टेप घेऊन मागच्या फोर्कची आतली रुंदी मोजायची. हब मोटरला १३५ मिलिमीटर लागते. माझी गिअरची असल्यामुळं बसली. जुन्या काळ्या सायकलीला एवढी जागा नसते, मेकॅनिक पाय घालून फोर्क फाकवून देतो म्हणतात, तसलं करू नका, चेन तिरपी होते. ऑर्डरच्या आधी मोजा.

चाक बसवायला १८ नंबरचा पाना लागतो, तो सायकलवाल्याकडं नसतो, मोटारसायकलवाल्याकडं मिळतो. जुन्या चाकाचं फ्रीव्हील काढायला मात्र सायकलवाल्याकडंच जावं लागलं. गांधी पार्कजवळचे एक चाचा, सायकलच्या धंद्यात केस पांढरे झालेले, त्यांनी चाक हातात घेऊन फिरवलं, वजन बघितलं आणि म्हणाले, "साब, ये पंक्चर हुआ तो मेरे पास मत लाना." तेव्हा हसलो.

वायरींग सोपं आहे, रंग बघून सॉकेट जुळवायचे. मोटरच्या जाड सॉकेटवर बाण असतो, बाणासमोर बाण आणूनच दाबायचं, नसता आतली पिन वाकते.

पूर्ण रविवार गेला. संध्याकाळी कॉलनीत एक चक्कर मारली आणि एकदम भारी वाटलं, बायकोनं पण मारली.

२९ जानेवारी

जेमतेम आठवडा झाला आणि रेल्वेच्या पुलावर चढताना मागून खर्रर्र आवाज आला, सायकल झटके द्यायला लागली आणि बंद. उतरून बघितलं तर मागचा नट सैल, एक्सल आपल्या खाचेत फिरलेला आणि एक्सलमधून निघणारी केबल पिळून तिचं कव्हर फाटलेलं.

हे नीट सांगतो कारण किटसोबतच्या कागदावर याचं एक अक्षर नाही. साध्या सायकलचं चाक एक्सलवर फिरतं, एक्सलला फिरवणारा जोर येत नाही. हब मोटरमध्ये मोटर एक्सललाच धरून चाकाला ढकलते, म्हणजे तेवढाच उलटा जोर एक्सलवर. एक्सलला दोन बाजूंनी सपाट केलेलं असतं, १० मिलिमीटर जाड, ते फोर्कच्या खाचेत अडकून राहावं म्हणून. खाचेचं लोखंड पातळ असलं आणि नट जरा सैल पडला की ते सपाट कोपरे खाच कुरतडत फिरतात. आतल्या तीन जाड वायरी एकमेकींना लागल्या की मोटर स्वतःलाच ब्रेक लावते, तो खर्रर्र आवाज त्याचा.

बंद मोटरची सायकल ढकलत घरी. बावीस-तेवीस किलो.

२ फेब्रुवारी

एक्सल फिरू नये म्हणून टॉर्क आर्म नावाची एक पट्टी मिळते, ऑनलाइन मागवली तर आठ दिवस. जिंतूर रोडला एका फॅब्रिकेशनवाल्याकडं गेलो, ६ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीत १० मिलिमीटरची खाच पाडून पाहिजे म्हणलं. त्यानं ग्राइंडरनं खाच पाडली, एक्सलवर घालून बघितली, जरा हलायली म्हणून ती पट्टी फेकून दुसरी घेतली आणि या वेळी खाच कमी ठेवून कानसीनं घासत घासत आणली, शेवटी हातोडीनं हळू ठोकूनच आत गेली. "आता नाही हलत," म्हणाला. पट्टीचं दुसरं टोक क्लॅम्पनं फ्रेमच्या नळीला बांधलं. घेतले दीडशे रुपये.

केबलचं काम एका टीव्ही रिपेअरवाल्या मित्राकडून करून घेतलं, प्रत्येक वायर वेगळी, श्रिंक ट्यूब, वरून टेप. केबल आता एक्सलमधून निघून आधी खाली लोंबते आणि मग वर जाते, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून मोटरमध्ये न जाता खाली गळतं.

आज उरुसाला सुरुवात झालीय, तिकडच्या रस्त्यावर गाड्या जागच्या हलेनात, मी कडेकडेनं निघून आलो.

२० फेब्रुवारी

चार्जर गेला. रात्री लाईट गेली, आली, परत गेली, आणि सकाळी चार्जरचा दिवा विझलेला. स्टॅबिलायझर वगैरे भानगड करायची नव्हती म्हणून आता रात्रीचं चार्जिंगच बंद, संध्याकाळी घरी आलो की लावायचं आणि झोपायच्या आधी काढायचं. दोन अँपिअरच्या चार्जरनं रिकामी बॅटरी पाच तासांत भरते आणि माझी कधी पूर्ण रिकामी होतच नाही.

नवीन चार्जर इथल्याच एका दुकानातून घेतला, पिन सेम, काउंटरवरचा पोरगा म्हणला चालतं. घरी मल्टिमीटर लावला तर ५४.६ व्होल्ट. तो ४८ च्या बॅटरीचा आहे. ३६ च्या बॅटरीला ४२ च्या वर द्यायचं नसतं. बॅटरीच्या आतलं बीएमएस, म्हणजे तिला सांभाळणारं सर्किट, बहुतेक वेळा सप्लाय तोडतं, पण बीएमएसच्या भरवशावर घर जाळायची रिस्क कोण घेईल. परत केला, थोडी वादावादी झाली, पैसे मिळाले. योग्य चार्जर १,१०० ला. पिन बसते म्हणून चार्जर बसतो असं नाही, मीटर लावल्याशिवाय बॅटरीला जोडू नका.

९ मार्च

आता खरी गोष्ट. दीड महिना झाला, सायकल झकास चालायलीय आणि तरी गाडीचं पेट्रोल म्हणावं तसं कमी होईना. मी ऑफिसला सायकलवर जातो आणि संध्याकाळी गाडी काढतो. कशाला? पाण्याचा जार, भाजी, किराणा, पोरीला ट्यूशनहून आणायचं. बघितलं तर ऑफिसला गाडी न्यायची गरज कधीच नव्हती, गाडी लागत होती सामानाला. आणि मी सगळं डोकं मोटर-बॅटरीवर लावत बसलो, कॅरिअरकडं कुणी बघितलंच नाही.

होता तो ॲल्युमिनियमचा कॅरिअर, त्यावर २५ किलो छापलेलं. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो, बसायला पाहिजे. दोरीनं बांधून आणला. वसमत रोडच्या एका स्पीड ब्रेकरवर कॅरिअरची एक पट्टी बोल्टच्या भोकाशी कट झाली, जार रस्त्यावर, झाकण उडालं, पाणी गेलं. छापलेले २५ किलो उभ्या सायकलचे असावेत. मागून येणारा ऑटोवाला थांबला, जार उचलून दिला आणि म्हणाला, "मामा, दूधवाल्यावानी फ्रेम करून घ्या की."

१६ मार्च

ऑटोवाल्याचं ऐकलं. खेड्यातून दूध घेऊन येणाऱ्यांच्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवायची फ्रेम असते, ती करणारा तोच जिंतूर रोडचा फॅब्रिकेशनवाला निघाला. अर्ध्या इंची चौकोनी पाईप, खालचे पाय सरळ एक्सलशेजारी, वर सीटच्या नळीला क्लॅम्प. एका बाजूला जार बसेल असं कडं, दुसऱ्या बाजूला भाजीच्या पिशव्यांना दोन हूक. वजन वाढलं चार किलो, खर्च ९५०. जार खाली, चाकाच्या बाजूला बसतो त्यामुळं सायकल पहिल्यासारखी डुलत नाही. एकाच बाजूला जार असला तर मात्र हँडल ओढतं, म्हणून आता दोन जार नसता एक जार आणि तेवढाच किराणा.

साईड स्टँड मातीत रुतून जार भरलेली सायकल एकदा आडवी झाली, डबल स्टँड लावला, ४५०.

पोरगी दहावीला आहे, मागं बसायला लाजते. तिची ती साध्या सायकलवर जाते, येताना अंधार असतो म्हणून मी बरोबर असतो. पेडल असिस्ट (पेडल मारताना मोटरची मिळणारी मदत) एक नंबरवर ठेवलं की तिच्या स्पीडनं बरोबर चालता येतं.

या आठवड्यात गाडी निघाली नाही.

३० मार्च

फ्रेमचं पुढचं बिल आलं, मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले. किटच्या चाकात बारीक स्पोक होते. हब मोटरचा डबा मोठा, त्यामुळं स्पोक आखूड आणि तिरपे, साध्या सायकलचे स्पोक लागत नाहीत, मापानं कापून आटे पाडून घ्यावे लागतात. चाचांकडं गेलो. पंक्चर नाही म्हणल्यावर घेतलं. जाड स्पोक टाकून पूर्ण चाक विणून दिलं, ८०० रुपये आणि दोन दिवस सायकल नाही.

१४ एप्रिल

पंक्चर. आमच्या प्लॉटिंगच्या दोन्ही बाजूंनी वेडी बाभळ, काटे वाळून रस्त्यावर येतात आणि काटा टायरमधून आरपार. पुढचं चाक असेल तर पाच मिनिटांचं काम. मागचं असेल तर सॉकेट सोडवा, टॉर्क आर्म काढा, १८ चा पाना, ७ किलोचं चाक, फ्रेमचे पाय. दोन पंक्चरवाल्यांनी हात जोडले.

चाक न काढता करायची रीत अशी. सायकल आडवी टाकायची, टायरची एक बाजू रिमच्या बाहेर काढायची, ट्यूब तेवढ्याच बाजूनं ओढून घ्यायची, हवा भरून भोक शोधायचं, तिथंच ठिगळ लावून परत आत. घाई केली तर ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चिमटते आणि दुसरं भोक पडतं. काटा टायरमध्येच राहिलेला असतो, आतून बोट फिरवून शोधल्याशिवाय ट्यूब घालू नका.

नंतर दोन्ही चाकांत टायरच्या आत प्लास्टिकची लायनर पट्टी आणि ट्यूबमध्ये जेल टाकलं, सगळं मिळून ६५०. तेव्हापासून काटे टोचतात, उपटून टाकतो, पुढं जातो. हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे ते काम आहे, मोटरच्याही आधी.

६ मे

बेचाळीस-त्रेचाळीस चालूय. ऑफिसमधले म्हणले होते मे महिन्यात बघू तुमची सायकल. सकाळी साडेनऊला काही त्रास नाही, पाय नुसते फिरवायचे, घाम साध्या सायकलच्या पावपटसुद्धा येत नाही. दुपारी काम निघालं तर सरळ ऑटो करतो, चाळीस-पन्नास रुपये जातात, त्यात काय लाज.

माणसापेक्षा बॅटरीला जास्त जपावं लागतं. ऑफिसची पार्किंग पत्र्याची, आत भट्टी. लिथियमला उष्णता सोसत नाही, सेल लवकर म्हातारे होतात, आणि ४५ च्या वर तापलेल्या बॅटरीला चार्जिंग तर लावूच नये. म्हणून चावी फिरवून बॅटरी काढायची, पिशवीत घालून टेबलाखाली. तीन किलो आहे. घरी आलो की तासभर फरशीवर ठेवून मगच चार्जर. शिपाई विचारायला, "साहेब, डब्यात काय आणता रोज एवढं?"

११ मे

शिवाजी चौकात ट्रॅफिकवाल्यानं थांबवलं. "नंबर कुठंय?" म्हणलं पायडलची आहे, २५० वॅट. मोटरवर छापलेलं दाखवलं. त्यानं स्वतः पेडल फिरवून बघितलं, किमतीची चौकशी केली, जा म्हणला. बिलाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

२२ जून

पाऊस सुरू झाला आणि प्लॉटिंग ते मेन रोड हा अर्धा किलोमीटर काळ्या मातीचा. तुम्हाला माहीतच आहे ती कशी चिकटते. चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरत जाते आणि शेवटी चाक फिरतच नाही. मोटरला कळत नाही की माती अडलीय, ती जोर लावत राहते आणि कंट्रोलर तापतो. तेवढ्या पट्ट्यात मोटर बंद ठेवून हातात धरून न्यायची, दुसरा इलाज नाही. पुढचं मडगार्ड काढून टाकलं, मागचं दोन बोटं वर घेतलं. चपलांचा एक जोड मेन रोडच्या किराणा दुकानात ठेवलाय.

८ जुलै

ऑफिसहून निघालो, डिस्प्ले चालू, बॅटरी फुल, मोटर ढिम्म. थ्रॉटल दाबा, पेडल मारा, काही नाही. घरापर्यंत पायडल. कंट्रोलर गेला म्हणून नवीन मागवायच्या बेतात होतो, अडीच हजार. मित्रानं फोनवर सांगितलं, आधी ब्रेकचे सॉकेट काढून बघ. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हावी म्हणून लिव्हरमध्ये स्विच असतो, डाव्या लिव्हरमध्ये पाणी जाऊन तो दाबलेलाच राहिला होता. सॉकेट काढलं, मोटर चालू. लिव्हर उघडून वाळवला, ग्रीस भरलं, वर रबर चढवलं. खर्च शून्य. मोटर अचानक गप झाली की पहिला संशय ब्रेकच्या स्विचवर घ्या.

१७ ऑगस्ट

रविवारी आईला घेऊन पोखर्णीला जायचं म्हणून गाडी काढायला गेलो तर चावी फिरवली की टकटक. बरेच दिवस उभी राहून बॅटरी बसली, जुनीच होती, नवीन ४,२०० ला. बॉनेट उघडलं तर उंदरांनी वायरीचं कव्हर कुरतडलेलं, वर घरटं करायला सुतळी आणून ठेवलेली. वायरमनचे ७००. म्हणजे पेट्रोलमध्ये वाचवलं त्यातलं थोडं उंदरांना. आता आठवड्यातून एकदा गाडी विद्यापीठाच्या पुढपर्यंत फिरवून आणतो.

गाडी विकायचा विषय घरात निघाला होता. आईचे गुडघे, लग्नकार्य, रात्री-अपरात्री दवाखाना. राहू द्या म्हणलं.

पैशाचा हिशोब विचारतात म्हणून सांगतो. किट, बॅटरी आणि वरची सगळी दुरुस्ती धरून साधारण तीस हजार. वीज किलोमीटरला पंधरा पैशांच्या आसपास. पण तेवढ्यावर उड्या मारू नका, बॅटरी झिजते. पाचशे वेळा पूर्ण भरली-संपवली आणि दर वेळी तीस किलोमीटर धरले तर किलोमीटरला नव्वद-पंच्याण्णव पैसे बॅटरीचे. म्हणजे विजेपेक्षा बॅटरीच महाग, खरा खर्च रुपयाच्या वरच. तरी गाडीच्या साडेआठसमोर काहीच नाही.

तीस किलोमीटर हे जार आणि थ्रॉटल धरून. नुसतं पेडल असिस्टवर चाळीसच्या पुढं जाते. बॅटरी शेवटच्या दांडीवर असताना पूल चढला तर डिस्प्ले बंद पडतो, जोर पडला की व्होल्टेज बसतं आणि बीएमएस तोडतं. दोन मिनिटं थांबून परत चालू होते, तेवढा चढ पायानं मारायचा.

७ सप्टेंबर

शेजारच्या सरांनी पण किट मागवलंय. त्यांची सायकल बघून आलो, रुंदी १३५ आहे, बसेल, पण फ्रेम ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमची खाच लोखंडासारखी आधी कुरतडून इशारा देत नाही, सरळ तुटते, म्हणून त्यांना दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म सांगितलंय आणि फॅब्रिकेशनवाल्याचा पत्ता दिलाय. जारची फ्रेम त्यांच्या सायकलला जमेल का याची शंका आहे, सीटच्या नळीला क्लॅम्प धरायला जागाच नाही. रविवारी सायकलच घेऊन जाऊ म्हणलं, तो बघून काय ते ठरवेल.